पळवाट कोणाची? सातव्या वर्षाच्या कायद्याची गोष्ट

समजा, तुमच्यासमोर दोन हजारांहून जास्त वर्षं जुना एक कायदा आहे. सहा वर्षं जमीन पेरायची, सातव्या वर्षी पड ठेवायची. त्या वर्षी आपोआप जे उगवेल ते गरिबांनी खायचं, आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातल्या जनावरांनी. द्राक्षमळ्यांना आणि जैतुनाच्या बागांनाही हाच नियम. बायबलच्या जुन्या करारात, निर्गमाच्या 23व्या अध्यायात हा कायदा आहे. लेवीयच्या 25व्या अध्यायात तो पुन्हा येतो, तिथे जमिनीचा शब्बाथ म्हणून. अनुवादाच्या 15व्या अध्यायात त्याच सातव्या वर्षाला कर्जमाफीही जोडली आहे. या वर्षाला हिब्रूत ‘शमिता’ म्हणतात, म्हणजे सोडून देणं.

आता समजा 1888 साल आहे. तुम्ही रशियातून किंवा रुमानियातून पॅलेस्टाइनला आलेले ज्यू शेतकरी आहात. पॅलेस्टाइनवर उस्मानी साम्राज्याचं राज्य आहे. वसाहत बसून पाच-सहा वर्षं झालीत, वेली नुकत्या धरायला लागल्यात, हातात पैसा नाही, आणि सप्टेंबरात सातवं वर्ष सुरू होतंय. काय कराल?

हा प्रश्न मी मुद्दाम असा टाकला. ‘प्राचीन धर्मकायदे आधुनिक जीवनाला लागू करणं’ असा विषय घेतला की आपल्यापैकी बहुतेकजण दोनच खाने आखतो: पाळला किंवा मोडला. मग तिसरा खाना लागतोच, ‘पळवाट काढली’. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात हा शब्द मी किती वेळा वापरला होता ते सांगायला लाज वाटते. मार्गदर्शकांनी तो वाचून समासात एकच शब्द लिहिला होता: “कोणाची?” आजचा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे.

पण आधी थोडी पूर्वतयारी. जुन्या करारातले नियम एका जातीचे नाहीत, आणि हे न पाहता ‘आज लागू आहेत का’ विचारणं म्हणजे भारतीय दंड संहिता आणि सोसायटीचे पार्किंगचे नियम एकाच दमात तपासणं. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्यानं जेरुसलेमचं मंदिर पाडलं. त्याबरोबर वेदीवरचे सगळे बळी, होमार्पणं, अन्नार्पणं एका दिवसात अशक्य झाली, कारण वेदी तिथलीच हवी. त्यांची जागा प्रार्थनेनं, अभ्यासानं आणि दयेच्या कृत्यांनी घेतली. ही मांडणी करणाऱ्या पिढीचं नाव म्हणून योहानान बेन झक्काई यांचं नाव घेतलं जातं. बाकीच्या नियमांसाठी साधारण इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात एक साधी विभागणी सापडते. जे नियम भूमीला बांधलेले आहेत ते, दोन अपवाद सोडून, त्या भूमीतच पाळायचे. जे बांधलेले नाहीत ते जगात कुठेही.

ही विभागणी नुसती पुस्तकी नाही, आणि तिचा पुरावा आपल्या अंगणात आहे. कोकणातल्या बेने इस्रायलांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. ते घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. शब्बाथ माणसाला बांधलेला, म्हणून तो त्यांच्याबरोबर रायगडच्या किनाऱ्यावर आला आणि चक्क जातीचं नाव झाला. सातव्या वर्षी शेत पड ठेवण्याचा नियम मात्र भूमीला बांधलेला, म्हणून अलिबागच्या वाडीत त्याचा प्रश्नच आला नाही. (जाता जाता एक इशारा. बेने इस्रायलांचा मलिदा, म्हणजे पोहे, खोबरं, साखर, फळं यांचं ताट, आणि लेवीयमधलं अन्नार्पण यांचा संबंध जोडायचा मोह अनेकांना होतो. संबंध असेलही. पण ‘मलिदा’ हा शब्द मूळचा फारसी आहे आणि दर्ग्यातही मलिदा चढतो. सारखेपणा दिसला म्हणजे सातत्य सिद्ध झालं असं नाही. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.)

मधल्या जातीचंही एक उदाहरण बघू. गणनेच्या 15व्या अध्यायात सांगितलंय की कणीक मळली की तिच्यातला पहिला भाग अर्पण म्हणून बाजूला काढायचा. हा भाग याजकाला जायचा. किती काढायचा, ते बायबल सांगत नाही. मिश्ना सांगते: घरच्या कणकेतून चोविसावा भाग, विकणाऱ्या भटारखानेवाल्यानं अठ्ठेचाळिसावा. म्हणजे धंद्याचं गणित दोन हजार वर्षांपूर्वीच कायद्यात शिरलेलं आहे! आज याजकांच्या शुद्धतेची अट पुरी होऊ शकत नाही, म्हणून लहानसा गोळा काढून जाळतात. आणि मूळ नियम भूमीपुरता असला तरी हे बाहेरच्या देशांतही करतात, लोकांना त्याचा विसर पडू नये म्हणून. इथे नियम पाळणाऱ्याचं काही बिघडत नाही. लिंबाएवढी कणीक गेली तर कोण उपाशी राहणार आहे?

शमितामध्ये मात्र एक अख्खं पीक जातं. म्हणून मी तिच्याकडे वळले.

पहिली शंका येईल ती ही, की असा कायदा खरंच कधी कोणी पाळला का? लेवीयच्या लेखकालाही ही शंका ठाऊक होती. ‘सातव्या वर्षी खायचं काय’ हा प्रश्न त्यानं लोकांच्या तोंडी घातलाय, आणि सहाव्या वर्षी तिप्पट पिकेल असं उत्तर दिलंय. धर्मग्रंथ स्वतःवर विश्वास ठेवायला सांगणारच, तेव्हा बाहेरचे साक्षीदार बघा. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात, इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या युद्धात, बेथसूरचं ठाणं शरण जातं. कारण ते सातवं वर्ष होतं आणि कोठारात धान्य नव्हतं. योसेफस हा इतिहासकार ज्युलियस सीझरचं एक फर्मान देतो, त्यात सातव्या वर्षी ज्यूंना खंडणी माफ आहे, कारण त्या वर्षी ते पेरतही नाहीत आणि फळंही काढत नाहीत. आणि टॅसिटस हा रोमन इतिहासकार तिरकसपणे म्हणतो की आळसाची इतकी गोडी लागली की यांनी सातवं वर्षही आळसाला देऊन टाकलं. तिघांचे हेतू वेगळे. एक हरल्याची कारणं सांगतोय, दुसरा आपल्या लोकांना मिळालेल्या सवलतींची नोंद ठेवतोय, तिसरा टिंगल करतोय. तरी तिघंही एकच गोष्ट सांगतात: शेतं खरोखर पड राहत होती. असे हेतू वेगळे आणि माहिती एक असणारे साक्षीदार मिळाले की संशोधकानं एक चहा जास्त प्यायला हरकत नाही.

आता कर्जमाफी. हा शब्द ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर आपली वर्तमानपत्रं आली असतील, तर ती बाजूला ठेवा. इथे माफ करणारं सरकार नाही. ज्यानं दिलं त्यानंच सोडायचं. आणि देणारा म्हणजे शेजारी, भाऊबंद, गावातला बरा असलेला शेतकरी. अनुवादाच्या लेखकाला पुढचा धोका दिसलेला आहे. सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरीब भावाला द्यायला हात आखडू नकोस, असं तो बजावतो. पण बजावून हात सैल होत नाहीत. बी-बियाण्याला उसने मागायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं परत येऊ लागला. गरिबासाठी केलेला कायदा गरिबाच्याच दारात आडवा पडला.

मिश्ना सांगते की हे पाहून हिलेल यांनी प्रोझबुल नावाचा दस्त काढला. धनको न्यायाधीशांसमोर म्हणतो, माझी येणी मी तुमच्या हवाली करतो, ती मी हवी तेव्हा वसूल करीन. युक्तिवाद अक्षरावर उभा आहे: कायदा म्हणतो की भावाकडे असलेलं तुझं येणं सोड. न्यायालयाकडे दिलेलं येणं त्यात बसत नाही. अट एवढीच की ऋणकोकडे थोडी तरी जमीन हवी. ताल्मुदमध्ये ही ‘थोडी’ इतकी आकसते की तळाला भोक असलेली कुंडीसुद्धा चालते, कारण भोकातून ती जमिनीशी जोडलेली असते.

कुंडीपाशी आल्यावर मीसुद्धा हसले होते आणि समासात ‘पळवाट’ लिहून मोकळी झाले होते. पण कोणाची? धनकोची म्हणाल, तर त्याच्यासाठी सर्वात सोपी पळवाट आधीच उपलब्ध होती: द्यायचंच नाही. कायदा मोडला असं कोणी म्हणणारही नाही. कुंडीचा उपयोग झाला तो जमीन नसलेल्या ऋणकोला, कारण ती मानली म्हणूनच त्याला कर्ज मिळू शकलं. त्याच मिश्नेत थोडं पुढे आणखी एक सुरेख तरतूद आहे. सातव्या वर्षी कोणी कर्ज फेडायला आला तर धनकोनं म्हणायचं, “मी सोडलं.” त्यावर ऋणको “तरीही घ्या” म्हणाला तर घ्यावं, आणि असं फेडणाऱ्यावर जाणते लोक प्रसन्न असतात. कायद्यानं माफ केलंय, रीतीनं फेडलं जातंय, आणि दोघांची मान ताठ आहे. ‘पाळला की मोडला’ या खान्यांत हे कुठे बसवाल?

आता तुमच्यातला चिकित्सक म्हणेल: मिश्ना इ.स. 200ची, हिलेल त्याच्या सुमारे दोनशे वर्षं आधीचे. मधल्या काळात गोष्ट रचली गेली नसेल कशावरून? रास्त आहे. अशा वेळी ग्रंथ सोडून कागदाकडे, म्हणजे इथे पपायरसकडे जायचं. मृत समुद्राजवळच्या वादी मुरब्बआतच्या गुहांमध्ये 1950च्या दशकाच्या सुरुवातीला काही दस्त सापडले. त्यातला एक अरेमिक भाषेतला कर्जरोखा नीरोच्या दुसऱ्या वर्षाचा आहे, म्हणजे इ.स. 55–56 चा. रक्कम किरकोळ, 20 झूझ. लिहून देणारा म्हणतो की मुदतीत फेडले नाहीत तर पाचव्या हिश्श्यासह फेडीन, सातवं वर्ष असलं तरी, आणि नाहीच जमलं तर माझ्या मालमत्तेतून वसूल करा.

हा रोखा नीट बघा. त्यात न्यायालय नाही, हिलेल नाही, प्रोझबुल हा शब्दही नाही. म्हणजे हा हिलेल यांच्या युक्तीचा पुरावा नव्हे, जरी तो तसा सर्रास दिला जातो. पण ज्या दुखण्यावर प्रोझबुल हे औषध आहे, ते दुखणं मात्र यात स्पष्ट दिसतं. लोक कायद्याला घाबरत होते, म्हणजेच तो जिवंत होता. नाहीतर 20 झूझांच्या रोख्यात त्याचं नाव काढायची गरज काय? मेलेल्या कायद्यातून कोणी स्वतःला वगळून घेत नाही. (ते वर्ष खरोखर शमिताचं होतं की शमिता आदल्या वर्षी होती, यावर कालगणना करणाऱ्यांचे दोन तट आहेत. त्यात शिरलात तर संध्याकाळी जेवायची आठवण राहणार नाही.)

दुसरा माझा आवडता पुरावा जमिनीवरचा आहे. बेथशान खोऱ्यात रेहोव इथल्या सिनेगॉगच्या फरशीवर, साधारण सहाव्या-सातव्या शतकातल्या, 29 ओळींचा एक मजकूर खड्यांनी जडवलेला सापडला. प्रार्थनास्थळाची फरशी म्हटल्यावर काय अपेक्षा असते? इथे आहे भाजीपाल्याची यादी! कोणत्या गावाच्या हद्दीत कोणत्या मालाला सातव्या वर्षाचा आणि दशमांशाचा नियम लागतो, आणि कुठे लागत नाही. बेथशानचा परिसर नियमातून सुटलेला होता. का? ताल्मुदमधलं एक कारण असं: इजिप्तहून आलेल्यांनी घेतलेली काही गावं बाबेलहून परतलेल्यांनी पवित्र हद्दीत धरली नाहीत, सातव्या वर्षी गरिबांना तिथल्या पिकाचा आधार राहावा म्हणून. म्हणजे पवित्र भूमीची सीमा आखतानाच कोणीतरी गरिबाच्या पोटाचा विचार करून एक कोपरा बाहेर ठेवला. शेताच्या कडा कापायच्या नाहीत, सरवा गोरगरिबांना वेचू द्यायचा, हा लेवीयच्या 19व्या अध्यायातला नियम आपण वाचतो. इथे तर अख्ख्या देशाचीच एक कड न कापता ठेवली होती.

आता परत 1888ला येऊ. वसाहतींनी युरोपातल्या रब्बींना विचारलं. वॉर्सा, बियालिस्टोक आणि कुटनो इथल्या तीन रब्बींनी तोडगा काढला आणि कोव्हनोच्या इत्झाक एल्खनान स्पेक्टर यांच्यासारख्या मोठ्या अधिकाराच्या माणसानं त्याला मान्यता दिली. जमीन ठरावीक मुदतीसाठी ज्यूेतर माणसाला विकायची आणि कामं शक्यतो ज्यूेतर मजुरांकडून करून घ्यायची. जमीन ज्यूची नाही, म्हणून पिकाला बंदी नाही. याचं नाव ‘हेतेर मेखिरा’, म्हणजे विक्रीची परवानगी. जेरुसलेममधल्या सेफार्दी रब्बींचा पाठिंबा मिळाला. तिथल्याच अश्केनाझी पुढाऱ्यांनी, शमुएल सलांत आणि येहोशुआ लेब दिस्किन यांनी, कडाडून विरोध केला. वोलोझिनचे नफ्ताली बर्लिनही विरोधात गेले. आक्षेप हलके नव्हते. भूमी परक्याला विकण्यालाच बायबलचा मज्जाव आहे असं मानणारी परंपरा आहे. म्हणजे एक नियम वाचवायला दुसरा मोडायचा? आणि सरकारदरबारी नोंद न झालेली विक्री ही विक्री तरी म्हणायची का?

इथे ‘कोण कुठे उभा आहे’ हे नकाशावर मांडून बघा. जेरुसलेमच्या जुन्या वस्तीचा मोठा भाग युरोपातून येणाऱ्या देणग्यांवर जगत होता. वसाहतींचा खर्च बॅरन एडमंड दि रोथशिल्ड उचलत होते, आणि त्यांच्या कारभाऱ्यांना काम बंद नको होतं. पण यावरून ‘विरोधकांना शेतीशी देणंघेणं नव्हतं’ असं लिहाल तर फसाल. कारण एक्रोनच्या शेतकऱ्यांनीच परवानगी असूनही नांगर धरायला नकार दिला. उपासमार ज्याच्या घरी येणार होती, त्याच माणसानं नियम निवडला. माझ्या ‘किंमत कोण मोजतो’ या लाडक्या सूत्राला हा शेतकरी जुमानत नाही. त्याला प्रबंधात कुठे बसवायचं हे मला अजून नीट सुचलेलं नाही, पण त्याला तळटीपेत ढकलायचं नाही एवढं ठरवलंय.

1909–10 च्या शमितामध्ये वाद पुन्हा पेटला. याफाचे रब्बी अब्राहम इत्झाक कूक यांनी परवानगी उचलून धरली आणि त्यावर ‘शब्बात हाआरेत्स’ हे पुस्तक लिहिलं. गंमत अशी की परवानगी देणाऱ्या या पुस्तकाची प्रस्तावना शमिताची थोरवी गाते: व्यक्तीला शब्बाथ, तसा राष्ट्राला शमिता, वर्षभर मालकी आणि हाव यांतून सुटका. त्यांच्या लेखी विक्री ही अडचणीतली सोय होती, कायमची व्यवस्था नव्हती. आजच्या काळात शमिताचं बंधन तोराचं नसून रब्बींनी घातलेलं आहे, ही भूमिका घेऊनच ते एवढी ढील देऊ शकले. सफेदचे याकोव्ह डेव्हिड विलोव्स्की यांनी त्यांच्याविरुद्ध आघाडी उघडली, पण नुसता विरोध करून ते थांबले नाहीत. शेत पड ठेवणाऱ्यांसाठी त्यांनी पैसाही गोळा केला. दोघंही एकाच प्रश्नाला भिडत होते, की तोटा कोणी सोसायचा. एकानं तो दस्तात जिरवला, दुसऱ्यानं तो देशोदेशीच्या ज्यूंमध्ये वाटला.

त्यानंतरची गोष्ट लांब आहे, आणि इथे मी ती भरभर उरकते. आणखी एक मार्ग पुढे आला, न्यायालयाच्या कोठाराचा: पीक न्यायालय ताब्यात घेतं, शेतकरी त्याचा मजूर होतो आणि गिऱ्हाईक मालाची नव्हे तर मेहनतीची किंमत देतो. 2007 मध्ये काही शहरांच्या रब्बींना विक्रीवाला माल नाकारण्याची मुभा प्रमुख रब्बीपीठानं दिली, तेव्हा प्रकरण इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल मुभेच्या विरोधात लागला. आणि प्रोझबुल आजही भरला जातो, छापील फॉर्मवर.

या सगळ्यात एक माणूस जवळपास कुठेच बोलत नाही: तो ज्यूेतर खरेदीदार, ज्याच्या नावावर 1889 पासून दर सात वर्षांनी कागदोपत्री जमिनी चढतात आणि उतरतात. रब्बींची पत्रं छापलेली आहेत, वसाहतींची दफ्तरं आहेत. पण हा माणूस सहसा फक्त सहीपुरता येतो. त्याला काय सांगितलं होतं, त्याला काय मिळालं, त्याच शेतावर त्या वर्षी राबणाऱ्या अरब मजुराला सातवं वर्ष म्हणजे काय वाटत होतं? हिब्रूबरोबर अरबी आणि उस्मानी तुर्की शिकायची तयारी असेल तर इथे जागा मोकळी आहे.

पुढचं शमिता वर्ष सप्टेंबर 2028 मध्ये सुरू होतंय. आत्ता नोंदणीच्या उंबरठ्यावर असाल, तर ते बरोबर तुमच्या क्षेत्रकार्याच्या वर्षात येईल.